हेर श्टाइनलेंची चौकशी

बेकरीच्या काचेवर ती जाहिरात लागली त्या दिवशी लतिकाचा एक हातमोजा हरवला होता. तो शोधायला मी काचेपाशी वाकले, म्हणून ती नीट वाचली गेली. टोपी घातलेला एक हसरा पोलीस आणि खाली ठळक अक्षरांत आवाहन: स्वयंसेवक म्हणून पोलीस दलात या. आपली नोकरी सांभाळा, संध्याकाळी शिक्षण घ्या, आणि पूर, आग, मोठी जत्रा अशा वेळी खात्याला हात द्या. आदल्याच वर्षी, त्रेसष्टमध्ये, राज्यानं तसा कायदा केला होता. सर्वांत खाली लिहिलं होतं, निरोगी आणि शांत डोक्याची माणसं हवीत.

‘शांत डोक्याची’ वाचलं आणि मला आमचे घरमालक हेर, म्हणजे श्रीयुत, श्टाइनले आठवले.

आम्ही स्टुटगार्टला येऊन दीड-दोन वर्षं होत आली होती. यांचं, म्हणजे श्यामकांतांचं, इथल्या टेक्निकल होकशूलमध्ये काँक्रीटच्या पातळ छतांवर डॉक्टरेटचं काम चाललेलं. जागा शोधत फिरलो तेव्हा कडेवर लतिका होती. दारं अर्धी उघडत, पोरीकडे बघत आणि गोड बोलून मिटत. श्टाइनलेंनी मात्र आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, “जिना झाडणार का?”

या भागात त्याला केहर्वोखे म्हणतात. एक आठवडा जिना झाडायची-पुसायची पाळी त्यांची, एक आमची. पाळीची लाकडी पाटी ज्याच्या दाराला अडकवलेली, त्यानं पायऱ्या, कठडा, फाटकापुढचा रस्ता, सगळं लख्ख करायचं. मी म्हटलं, झाडीन. दोन खोल्या मिळाल्या.

श्टाइनले ट्रामच्या डेपोत ब्रेक तपासायचे. पहाटेची पाळी, त्यामुळे दुपारी घरी. मागच्या अंगणात डालियाची फुलझाडं लावायची आणि कुणाच्या अध्यात-मध्यात यायचं नाही, असा माणूस. त्यांची बायको, फ्राउ श्टाइनले, एका शिवणाच्या दुकानात कामाला, त्या संध्याकाळी यायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. लतिका श्टाइनलेंना ‘ओपा’ म्हणायची, आजोबा. वय त्रेचाळीसच, पण त्यांना ते आवडायचं. मी जर्मनच्या वर्गाला जायचे तेव्हा लतिका खाली त्यांच्याकडे राहायची. परत येताना शेंगा सोलल्याचा नाहीतर बटणं रंगांप्रमाणे लावल्याचा वृत्तांत ऐकायला मिळे, तोही जर्मनमध्ये. मी मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं.

मग जाहिरातीच्या आधीच्या शरद ऋतूत फायर ब्रिगेडच्या इमारतीवर नवा भोंगा बसवला आणि त्याची चाचणी झाली. पेपरात आधी छापून आलं होतं म्हणे. माझा वर्ग लवकर सुटला होता. मी कोपऱ्यावर असतानाच तो सुरू झाला, चढत उतरत, लांबलचक. घरी आले तर खालचं दार सताड उघडं, गॅसवर दूध उतू गेलेलं आणि दोघांचा पत्ता नाही. हाका मारल्या. मग केलरच्या दारामागून, म्हणजे तळघराच्या, काहीतरी घासल्याचा आवाज आला. दार आतून लावलेलं. मी हातांनी बडवलं. भोंगा थांबला, तरी दार उघडेना.

उघडलं तेव्हा श्टाइनले बटाट्यांच्या खोक्यामागे भिंतीला पाठ लावून बसत होते. दाराची कडी काढून पुन्हा तिथंच परत गेले होते, जणू दार उघडणं हे दुसऱ्याच कुणाचं काम. लतिकाला त्यांनी छातीशी घट्ट धरलं होतं आणि दुसरा हात तिच्या तोंडावर होता. माझ्याकडे पाहिलं. ओळखलं नाही. मी “लतिका” म्हटलं तर तिच्या तोंडावरचा हात आणखी आवळला.

मी काय केलं ते मला धड आठवत नाही. त्यांची बोटं एकेक सोडवली एवढं आठवतं. लतिकाच्या गालावर चार बोटांचे वळ उठले होते. थोड्या वेळानं श्टाइनले वर आले, केस पाणी लावून विंचरलेले, हातात पुसून चकचकीत केलेलं एक सफरचंद. तिच्या हातात दिलं आणि खाली गेले. त्या गोष्टीबद्दल ना ते बोलले, ना त्यांची बायको, ना मी. माझा वर्ग मी सोडला. लतिकाला सर्दी आहे, मग खोकला आहे, मग पुन्हा सर्दी. सबबी संपल्या तेव्हा कुणी विचारेनासंही झालं.

जाहिरात वाचली त्याच आठवड्यात श्टाइनलेंनी मला जिन्यात थांबवलं. ते कधी थांबवत नसत. कान लाल झाले होते.

“फ्राउ सोहोनी, मी नाव दिलंय. स्वयंसेवक पोलिसात.”

“हो का?” मी म्हटलं.

“डेपोतले हसतात. म्हणतात, लढाईत पोट भरलं नाही का? पण तेव्हा मला कुणी विचारून नेलं नव्हतं. हे मी स्वतःहून करतोय.” मग जरा थांबून, लहान मुलानं शाळेतलं सांगावं तसं म्हणाले, “युनिफॉर्म मिळतो. आणि ड्युटीवर पिस्तूल.”

लतिका माझ्या मागून डोकावून त्यांना हात करत होती. मी तिला धरून वर घेऊन आले.

संध्याकाळी यांना सांगितलं. “अहो, श्टाइनले पोलिसात जाताहेत.”

“छान. आता केहर्वोखे चुकली की थेट बेड्या.”

“चेष्टा नको. त्यांना पिस्तूल देणार आहेत.”

यांनी पेन्सिल खाली ठेवली. तळघराचं यांना माहीत होतं, पण मी सांगितलेलं. यांनी वळ पाहिले होते, ते हात पाहिले नव्हते. त्यात फरक पडतो.

“हे बघ वसू, त्यांच्याकडे डॉक्टर असतील, तपासणी असेल. आपण कोण? पाहुणे. माझा प्रबंध व्हायचाय. या जागेतून निघालो तर पुन्हा दारोदार फिरायचं का?”

“आणि गर्दीत कुठे भोंगा झाला, आणि त्यांच्या हातात ते असलं तर?”

“तर आपण तिथे नसू.”

“दुसऱ्या कुणाची लतिका असेल.”

यांनी पेन्सिल उचलली, पण बराच वेळ कागदाला लावली नाही.

त्यानंतर मला स्वस्थ बसवेना. दूध तापवताना कान जिन्याकडे. फाटक वाजलं की खिडकीशी. खाली श्टाइनले शीळ घालत बूट पॉलिश करायचे, आणि त्यांचा तो आनंद मला ऐकवत नसे. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

मग एक दिवस पोलीस खात्यातून हेर लुट्स आले. गोल चेहऱ्याचे, नम्र, टोपी मांडीवर ठेवून बसणारे. श्टाइनलेंच्या वर्तणुकीबद्दल शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारायचे होते. “औपचारिक आहे,” ते म्हणाले. “पण ज्याच्या हाती हत्यार द्यायचं त्याची माहिती घरातल्यांपेक्षा शेजाऱ्यांना जास्त असते.”

खरं सांगते, ते बसले आणि मी मनानं सांगलीला माझ्या यमूमावशीच्या सोप्यावर गेले. आमच्याकडे स्थळाची चौकशी अशीच येते. मुलीचा काका येतो, चहा घेतो आणि विचारतो, शेजारचा मुलगा कसा काय? मावशीनं जन्मात कुणाबद्दल वाईट उच्चारलं नाही. जुळत आलेलं मोडल्याचं पाप कोण घेणार? पण फसवलंही नाही कुणाला. मुलगा कसा आहे विचारलं की ती म्हणे, “घर ऐसपैस आहे हो. विहिरीला बारमाही पाणी.” स्वभाव कसा? “आई फार सुगरण.” त्यानंतर काका लोक चहाही पुरता न पिता उठत. जे विचारलं त्याचं उत्तर न देणं, हेच उत्तर. सगळ्या गावाला ते कळत होतं.

म्हणून मी हेर लुट्सांना बसवून ठेवून रव्याचा शिरा केला आणि तयार होऊन समोर बसले.

“हेर श्टाइनले विश्वासू आहेत?”

“भाड्याच्या खोलीतसुद्धा त्यांनी आम्हाला नवे पडदे दिले.”

“कठीण प्रसंगी शांत राहतात का?”

मी त्यांच्या डोळ्यांत बघून, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाले, “त्यांचा जिना फार स्वच्छ असतो.”

हेर लुट्सांची मान हलली. मला वाटलं, कळलं.

“कधी तोल जातो? राग, दारू?”

“डालियाला पाणी घालायला ते विसरत नाहीत. केहर्वोखेच्या दिवशी फाटकाबाहेरचा रस्तासुद्धा पुसतात.”

“रस्ता पुसतात?”

“ओल्या फडक्यानं.”

“तुमची मुलगी त्यांच्याकडे खेळते?”

“फ्राउ श्टाइनले फार कष्टाळू आहेत. आणखी शिरा घ्या ना.”

त्यांनी घेतला. नंतर परत घेतला. चहाचा कप तळापर्यंत रिकामा केला, तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं. दारात माझ्याशी हस्तांदोलन करून म्हणाले, “मनापासून आभार. तुम्ही खूप मदत केलीत.” त्या संध्याकाळी मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली. यांना म्हटलं, “झालं. कुणाला दुखावलं नाही आणि सांगूनही टाकलं.”

“काय सांगितलंस?”

मी सांगितलं. हे हसले. मग हसायचे थांबले. “वसू, तो काय मुलगी द्यायला आला होता? जर्मन माणूस आहे. तू जे बोललीस तेच त्यानं ऐकलं असणार.”

“न बोललेलं ऐकू येत नाही का त्यांना?”

“या गावात स्वच्छ जिना म्हणजे काय, तुला माहीत नाही?”

मला माहीत होतं. रोज माझ्या हाताला फिनाइलचा वास येत होता.

पुढच्या शनिवारी दारावर टकटक झाली. श्टाइनले पती-पत्नी दोघंही, चर्चला जाताना घालायच्या कपड्यांत. त्यांच्या हातात घरच्या सफरचंदांच्या दारूची बाटली, बायकोच्या हातात केक. “झालं,” ते म्हणाले. “घेतलं मला. सोमवारपासून शिक्षण सुरू. हेर लुट्स म्हणाले, ‘वरच्या भारतीय बाई तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलल्या की आम्हाला पुढे कुणाकडे जायची गरजच पडली नाही.’” त्यांचे डोळे ओले झाले होते. “मला वाटत होतं, फ्राउ सोहोनी, तुम्ही माझ्यावर रागावला आहात. लतिका खाली येत नाही म्हणून.”

फ्राउ श्टाइनलेंनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत मला समजलं, त्यांनाही सगळं ठाऊक आहे, आणि त्याही माझ्यासारख्याच जिन्याबद्दल बोलत आल्या आहेत.

लतिका आतून धावत आली. “ओपा!” त्यांनी तिला उचललं. ते हात. मी बघत राहिले.

रविवार सगळा मी घरात फेऱ्या मारत काढला. हे म्हणाले, “बस की जरा.” बसले, उठले. “तुला वाटत असेल तर मी लुट्सांकडे जातो,” हे अखेर म्हणाले. आवाज पडलेला होता, पण मनापासून म्हणत होते.

“त्यांच्या पाठीमागे?”

“मग काय करणार?”

“ज्याचं त्याला सांगणार.”

“आणि त्यांनी काढलं आपल्याला तर?”

“तर मी पुन्हा म्हणेन, जिना झाडीन.”

दुपारी श्टाइनले मागच्या अंगणात डालियाचे कंद जमिनीत घालत होते. मी लतिकाला यांच्याजवळ सोडलं आणि खाली उतरले. माझ्या जर्मनमध्ये आडवळणं घेण्याइतकी ताकद नव्हती. ते त्या दिवशी बरंच झालं.

“हेर श्टाइनले, मी तुमच्याबद्दल चांगलं बोलले नाही.”

ते हसले. “लुट्स म्हणाले ना मला...”

“मी जिन्याबद्दल चांगलं बोलले. त्यांनी विचारलं, शांत राहता का. त्याचं उत्तर मी दिलंच नाही.”

त्यांनी हातातला कंद खाली ठेवला. “भोंग्यामुळे?”

“हो.”

“मी तिला खाली नेलं. सुरक्षित म्हणून. चुकलंच. चाचणी होती, मला कळायला हवं होतं. पण तिला काही झालं नाही ना. मी तिला सफरचंद दिलं.”

माझ्या लक्षात आलं की त्यांची गोष्ट इथपर्यंतच आहे. नेलं, आणि सफरचंद दिलं. मधलं काही नाही. आणि ते मधलं फक्त मी आणि लतिकानं पाहिलं होतं. लतिका तर चार वर्षांची.

“तुम्ही तिचं तोंड दाबून धरलं होतंत,” मी म्हटलं. “मी आले, तुम्ही मला ओळखलं नाहीत. मी तिला हाक मारली, तर तुम्ही आणखी दाबलंत. तुमची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली.”

“नाही,” ते म्हणाले.

मी माझ्या गालावर चार बोटं ठेवून दाखवली.

“नाही. फ्राउ सोहोनी, नाही.”

मागच्या दारात फ्राउ श्टाइनले येऊन उभ्या होत्या, हातात फडकं. हेर श्टाइनलेंनी त्यांच्याकडे पाहिलं. फ्राउ श्टाइनलेंनी मान खाली घातली. म्हणाल्या, “वळ मी पाहिले होते, ओटो. दोन दिवस होते.”

ते मातीतच बसले. कितीतरी वेळ बोटं उघडत होते आणि मिटत होते. एकदा वाटलं, आता ओरडतील, आम्हाला निघा म्हणतील. मी त्यासाठीसुद्धा उभीच होते.

“लढाईच्या वेळी एका तळघरात आम्ही बरेच होतो,” शेवटी ते म्हणाले. “एक मूल रडायचं थांबत नव्हतं.” पुढचं मी विचारलं नाही.

मग उठले, गुडघे झटकले. “उद्या माझ्याबरोबर लुट्सांकडे याल?”

“मी?”

“मी एकटा गेलो तर लहान करून सांगेन.”

सोमवारी आम्ही ट्रामनं गेलो, त्यांच्या पायात तेच पॉलिश केलेले बूट. वाटेत ब्रेक लागले की त्यांचं डोकं सवयीनं कलायचं, ऐकत. हेर लुट्सांनी खुर्च्या दिल्या. मी अंगणात सांगितलं तेवढंच, त्याच शब्दांत सांगितलं. श्टाइनले भिंतीकडे बघत बसले होते. मी थांबले की म्हणायचे, “गेनाऊ. असंच झालं,” जणू स्वतः पाहिलं होतं.

लुट्स वैतागले. “हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं.”

“कधी?”

“तुम्ही विचारलंत शांत राहतात का, आणि मी म्हणाले, जिना स्वच्छ असतो.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “फ्राउ सोहोनी, आमच्या भागात माणसाची याहून मोठी स्तुती नाही.”

पहिल्यांदा श्टाइनले हसले. एकच, खोकल्यासारखं हसू. मग चेहरा हातांत घेतला आणि तसेच राहिले. लुट्सांनी उठून खिडकी लावली, बाहेर ट्राम घंटा वाजवत चालली होती म्हणून. श्टाइनलेंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की पिस्तुलाशिवाय जागा त्यांच्याकडे नाही, आणि पिस्तूल आता ते देऊ शकत नाहीत. एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. “या,” श्टाइनले म्हणाले. म्हणजे इथल्या भाषेत ‘हो’.

परतीच्या ट्रामभर मी आमचं सामान मनातल्या मनात बांधत होते. पितळी डबा, पाटा आणता आला नाही म्हणून घेतलेला खलबत्ता, लतिकाचे कपडे. बेकरीच्या काचेवर तो हसरा पोलीस अजून होता. श्टाइनले त्याच्याकडे न बघता पुढे गेले.

संध्याकाळी दार वाजलं. हे उघडायला गेले, मी मागे उभी. वाटलं, आलं. पण श्टाइनलेंच्या हातात मोठी लोखंडी किल्ली होती.

“केलरची,” ते म्हणाले. “ही तुमच्याकडे राहू दे. आतली कडी मी काढून टाकली आहे.” आणि माझ्याकडे न बघता, “लतिकाला खाली पाठवा असं मी म्हणणार नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा.”

किल्ली मी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लावली. आता रोज फ्राउ श्टाइनलेंना बटाटे हवे असले की त्या वर येतात. आल्या की थोडं बसतात. हल्ली बोलतात, रात्री ते किती वेळा उठतात, डॉक्टर काय म्हणाले. शिरा शिकून घेतला त्यांनी. जागा सोडा असं कुणी म्हटलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

परवा लतिका जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, “आई, ओपाकडे, दार्फ इश?” म्हणजे खाली जाऊ का. खाली ते फडकं पिळत होते, पाळी त्यांची होती. त्यांनी वर पाहिलं नाही, पण हात थांबला.

“जा,” मी म्हटलं, आणि तिच्या मागोमाग मीही उतरले. खालून तिसऱ्या पायरीवर बसले. पायरी ओली होती.